लळिंगची शेवटची यादी

लिहिणार मी, गोंदो त्रिमळ. सांगणारा मलिक संदल,
किल्लेदार, वय अंदाजे साठ.
जन्मगाव विचारलं की म्हणायचा, समुद्रापलीकडं आहे,
नाव राहू दे, तुझ्या बोरूला ते झेपणार नाही.

भडोचच्या धक्क्यावर विकला गेला तेव्हा
दंडाला दोरी होती. ती अजून असल्यासारखा
डावा हात तो अंगापासून जरा दूर धरायचा.

पहिली चाकरी थाळनेरला, दिंडीवरचा पहारा.
तापी फुगली की अंधारात तटाला कान लावून
सांगायचा, पाणी तिसऱ्या थराला लागलं.
सकाळी लोक उतरून बघत. तिसराच थर.
एवढ्यावर माणूस वर चढतो का?
चढला. मधल्या दोघांना हिवतापानं नेलं,
एकाची मान गेली,
आणि बुऱ्हाणपूरहून फर्मान आलं: सोनगीर सांभाळ.

मी तिथं भेटलो त्याला.
अक्षर नव्हतं, आकडा होता.
दादर इतके मण, शिसं इतकं, दोर इतके हात,
उंदरांनी खाल्लेली दादर निराळी.
मी म्हटलं, खाल्लेलं कशाला मांडायचं?
म्हणाला, आपल्याच पहाऱ्यात खाल्लं ना?

राजाला त्यानं दोनदा पाहिलं.
त्यात एकदा पाठमोरा.

सोनगीर सोडताना नव्या किल्लेदाराला वाचून दाखवायच्या यादीत
त्यानं शेवटी एक ओळ घालायला लावली:
चिंचेखाली माती, दीड हात, हलवू नये.
नव्यानं विचारलं, खजिना आहे का काय?
संदल काही बोलला नाही. मी पान उलटलं.
तिचं नाव जमिला होतं. देवी आल्या होत्या.

मग लळिंग. एकोणीस वर्षं.
पाण्याची टाकी रोज काठीनं मोजायची,
संध्याकाळी उत्तरेच्या बुरुजावर उभं राहायचं.
सोनगीरला पहाऱ्याचा जाळ दिसला
की खाली येऊन जेवायचं.
एवढ्या वर्षांत तीन किल्ले आणि वेढा एकही नाही.
शाहीर आला होता एकदा, दोन दिवस राहिला,
विचारून विचारून दमला
आणि शिध्याचं पीठ घेऊन निघून गेला.

चैत्रात उत्तरेची फौज उतरली.
आमच्याच राजाचा शिक्का असलेला कागद पुढं आला,
लढू नये, किल्ला हवाली करावा.
त्यानं शिक्का बोटानं चाचपला. तो खराच होता.
रात्रभर कंबरेच्या चाव्या वाजल्या नाहीत,
म्हणजे तो हललाच नसणार.

सकाळी यादी. कुलपं सतरा, त्यांतलं एक गंजलेलं.
तेल, दारू, गोळे, घोडी एक, लंगडी.
उत्तर बुरुजावर तोफ एक, चालू.
आत साळुंकी, अंडी तीन.
आषाढापर्यंत डागू नये.

नवा अंमलदार हसला. त्याची माणसंही हसली.
संदल म्हणाला, पावती.
तीन वेळा म्हणाला. तेव्हा कुठं शिक्का उठला.

खाली उतरलो. पायथ्याला शेण थापणारी म्हातारी
त्याच्याकडं बघत राहिली, मग म्हणाली,
बाबा, तुमनं घर कोठे शे?
त्याचा हात कंबरेकडं गेला. तिथं काही नव्हतं.

माझ्याकडं राहिला, ओसरीवर.
माझ्या दाराला कडी नाही, काथ्याचा फास आहे.
रात्री तीनदा उठून तो फास ओढून बघायचा.
मागच्या मार्गशीर्षात गेला. पावती उशाखाली होती,
घड्यांवर फाटलेली.

त्या उन्हाळ्यात लळिंगची तोफ वाजली नाही.
त्याची ओळ मानली,
की दारूच ओली निघाली,
हे माझ्याकडं लिहिलेलं नाही.